एक पेला कमी

अंबडला कंपनीत मी स्टोअरकीपर, सव्वीस वर्षं.
नट, बोल्ट, बेअरिंग, हातमोजे.
आवक, जावक, शिल्लक.
म्हणून मंडळीच्या निवडणुकीत लोक म्हणाले,
याला खजिनदार करा, याच्या हातून सुई हरवत नाही.
एकवीस मतांनी आलो.
बायकोने पेढे आणले नाहीत. म्हणाली, बघू.

चार्ज घेतला तो असा:
दानाच्या पिशव्या सहा, लाल मखमलीच्या, दोन उसवलेल्या.
गीतांची पुस्तकं एकशे दहा, कव्हरं नसलेली धरून.
घंटेचा दोर, नवा.
प्रभुभोजनाचे काचेचे पेले, अंगठ्याएवढे,
वहीत एकशे चव्वेचाळीस,
ट्रेमध्ये एकशे त्रेचाळीस.

पुन्हा मोजले.

पेले धुते रिबकाबाई अमोलिक.
मागच्या मोरीत, पाटावर बसून,
एकेक पेला करंगळीने आतून पुसत,
तान्ह्याचं नाक पुसावं तसं.
मावशी, एक कमी आहे. फुटला?
फुटला नाही.
हरवला?
हरवला नाही.
मग?
तिने पदराला हात पुसले.
पवननगरला आहे, म्हणाली.

पवननगरला शद्रक पारधे राहतो.
नऊ वर्षांपूर्वीचा आमचा सेक्रेटरी.
मागच्या भिंतीच्या जागेवरून त्याने मंडळीवर केस टाकली
आणि मंडळीने त्याच्यावर.
तारखेला दोन्हीकडचे लोक एकाच टपरीवर चहा प्यायचे,
एकमेकांकडे पाठ करून.
साक्ष मी दिली होती.
पाहिलं तेच सांगितलं, खोटं नाही बोललो.
थोडं मोठ्याने बोललो, एवढंच.

आमच्या भागाचं नाव शरणपूर.
रिक्षावाले दिवसातून शंभरदा घेतात ते नाव.
आम्हीही घेतो,
पत्ता म्हणून.

महिन्याच्या पहिल्या रविवारी, पेले धुऊन झाले की
रिबकाबाई सिटी बसने सिडकोत जाते.
भाकर नेत नाही, आशीर्वाद नेत नाही,
तो अधिकार पाळकसाहेबांचा, हे तिला ठाऊक आहे.
नेते पावशेर द्राक्षं, घडातून गळालेले मणी, स्वस्तातले.
हंगाम नसला तर रात्रीच काळे मनुके भिजत घालते.
त्याच्याच घरात फडक्यातून पिळते,
त्या पेल्यात भरून त्याच्यापुढे ठेवते.
तो कधी पितो, कधी नाही.
नाही प्यायला तर?
मग मी पिते. टाकायचं कशाला?

शनिवारी ड्यूटी सुटल्यावर मी गेलो.
खिशात पेन, वहीचं पान घडी घातलेलं.
दार शद्रकनेच उघडलं. डावा हात लुळा पडलेला.
बराच वेळ आम्ही दोघं दाराच्या चौकटीकडे बघत राहिलो.
मग म्हणाला,
चपला आतच काढ, बाहेर कुत्री नेतात.

पेला खिडकीत होता, पालथा.
एका हाताने धुतलेला,
तळाशी जांभळी रेघ राहिलेली.

घंटेचा दोर बदलला का?
बदलला.
ओढताना डावीकडे झुकायचं, म्हणाला,
नाहीतर दोन ठोके एकदम पडतात.

तारखेचं बोलणं निघालं नाही, साक्षीचंही.
निघताना मी हात जोडले.
त्याचा एकच उठला,
सलाम म्हणाला.
पेला मी मागितला नाही.

कंपनीतून माल बाहेर जातो तो दोन पासांवर.
पांढरा पास, परत न येणाऱ्याचा.
गुलाबी, परत येणाऱ्याचा.
गुलाबीवर परतीची तारीख घालावीच लागते,
नाहीतर ऑडिटर लाल रेघ मारतो.

रात्री वही उघडली.
तूट या शब्दावर पेन टेकवून बराच वेळ बसलो.
मग लिहिलं: पेला, नग एक, जावक.
तारखेची जागा कोरी सोडली.
बायको मागे उभी राहून वाचत होती.
काही बोलली नाही, पण दिवाही घालवला नाही.

सकाळी घंटा मीच ओढली,
डावीकडे झुकून, सांगितल्याप्रमाणे.
तरी दोन ठोके एकदमच पडले.